शब्दशः वाचणारेही अर्थच लावतात



 प्रास्ताविकात फार वेळ न घालवता विषयाला हात घालतो, कारण विषय लांबलचक आहे आणि जेवणाची वेळ ठरलेली आहे.

पश्चिम आशियात युद्धाला तोंड फुटलं की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत दोन गोष्टी हमखास होतात. प्रार्थनासभा लागते आणि मोबाइलवर तक्ते फिरू लागतात. दानीएलाच्या दृष्टान्तातला चौथा पशू म्हणजे कोणतं राष्ट्र, यहेज्केलाच्या ३८व्या अध्यायातला गोग म्हणजे कोण, सगळं बाण काढून दाखवलेलं असतं. पाठवणाऱ्याला हटकलं तर उत्तर ठरलेलं: आम्ही अर्थ लावत नाही, लिहिलंय तेवढंच वाचतो. माझं आजचं बोलणं या एका वाक्याबद्दल आहे. असं वाचन आजवर कुणीही केलेलं नाही, असं माझं मत आहे. शब्दशः वाचणाराही अर्थच लावतो, फक्त त्याखाली सही करत नाही.

वाद जुना आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमध्ये नेपोस नावाचे एक बिशप होते. प्रकटीकरणातलं हजार वर्षांचं राज्य याच पृथ्वीवर, खाण्यापिण्यासकट येणार, असं ते शिकवत. रूपकवाद्यांचं खंडन करणारं पुस्तकच त्यांनी लिहिलं होतं. ते वारले, पण आर्सिनोए प्रांतातल्या खेड्यापाड्यांत त्या पुस्तकाला एवढं वजन आलं की त्यावरून मंडळ्या फुटू लागल्या. तेव्हा अलेक्झांड्रियाचे बिशप दियोनिसियस स्वतः तिथे गेले. ते ओरिगेनच्या परंपरेतले, म्हणजे रूपकाच्या बाजूचे. त्यांनी फर्मान काढलं नाही, कुणाला बहिष्कृत केलं नाही. गावोगावचे वडील आणि शिक्षक गोळा केले, नेपोसचं पुस्तक मधोमध ठेवलं आणि लागोपाठ तीन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, त्यावर चर्चा केली. एउसेबियसच्या मंडळीच्या इतिहासात, सातव्या ग्रंथात, दियोनिसियसच्या शब्दांतच ही हकीकत आली आहे. नेपोसची श्रद्धा, त्यांचा शास्त्राचा अभ्यास, त्यांनी रचलेली गीतं यांची आधी ते तोंडभरून स्तुती करतात. मग समोरच्या लोकांचंही कौतुक करतात: प्रश्न क्रमाने विचारले, हट्ट धरला नाही, पटलं ते मान्य करायला लाजले नाहीत. शेवटी त्या पक्षाचे म्होरके कोराकियोन यांनी सर्वांसमक्ष सांगितलं की ही शिकवण यापुढे आपण देणार नाही.

मला यातली पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. वाद जिंकल्यावर दियोनिसियसना प्रकटीकरणाचं पुस्तकच बाजूला सारता आलं असतं. तसं करणारे लोक तेव्हा होते. त्यांनी ते केलं नाही. या पुस्तकाचा अर्थ माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, पण मला कळत नाही म्हणून मी ते टाकणार नाही, असं ते म्हणाले. मग भाषेची तपासणी करून त्यांनी दाखवलं की चौथ्या शुभवर्तमानाची ग्रीक सफाईदार आहे, प्रकटीकरणाची ओबडधोबड. तेव्हा दोन्हींचा लेखक एकच योहान नसावा. ही तिसऱ्या शतकातली समीक्षा आहे. बायबलची चिकित्सा हे अलीकडचं जर्मन खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एउसेबियस एकदा उघडावा.

आता संदेष्ट्यांकडेच जाऊ. त्यांना आपले शब्द किती शब्दशः घ्यायला हवे होते? यहेज्केलाने २६व्या अध्यायात सांगितलं की नबुखद्नेस्सर सोर शहर धुळीला मिळवील आणि त्याची संपत्ती लुटील. वेढा पडला, तेरा वर्षं चालला, आणि लूट हाती लागली नाही. लूट न मिळाल्याचं मी सांगत नाही, यहेज्केलच सांगतो. २९व्या अध्यायात, सुमारे सोळा वर्षांनंतरच्या वचनात, ओझी वाहून सैनिकांची टाळकी टकली झाली आणि खांदे सोलवटले, तरी त्यांना सोरची मजुरी मिळाली नाही, असं तो लिहितो. म्हणून त्याबदली आता मिसर देश देण्यात येत आहे. जुनं वचन मात्र त्याने खोडलं नाही. दोन्ही एकाच पुस्तकात, तारखांसकट, शेजारी नांदतात. आपण पुढे सोर अलेक्झांडरने इ. स. पू. ३३२ मध्ये घेतलं, म्हणजे भाकीत खरं ठरलं, अशी ठिगळं लावतो. यहेज्केलाला त्या ठिगळाची गरज वाटली नव्हती.

योना तर जाहीर नापास झालेला संदेष्टा. चाळीस दिवसांत निनवे बुडणार म्हणाला; निनवेकरांनी गोणपाट नेसलं आणि नगर वाचलं. योना रुसून बसला, कारण तो आपलं वाक्य शब्दशः घेणारा होता. देवाने ते तसं घेतलं नाही. यिर्मयाच्या १८व्या अध्यायात कुंभाराच्या घरी हा नियम स्पष्टच मांडला आहे: राष्ट्र वळलं तर वचनही वळतं. त्याच यिर्मयाची सत्तर वर्षं दानीएलाच्या नवव्या अध्यायात सत्तर सप्तकं होतात, म्हणजे ४९० वर्षं. पहिला भाष्यकार बायबलच्या आतच बसला आहे.

मत्तयही त्यातलाच. जखऱ्याच्या नवव्या अध्यायात राजा गाढवावर, शिंगरावर बसून येतो. हे हिब्रू काव्य आहे. आपल्या ओवीत एकच गोष्ट दुसऱ्या चरणात वळवून सांगतात, तसं दोन ओळींत एकच जनावर आहे. मार्क, लूक आणि योहान एकच शिंगरू आणतात. मत्तय गाढवी आणि शिंगरू दोन्ही आणतो, दोघांवर वस्त्रं घालतो आणि येशूला ‘त्यांच्यावर’ बसवतो. कवितेची ओळ शब्दशः पुरी करण्यापायी मत्तयाने चित्रकारांची केवढी अडचण करून ठेवली आहे! आणि हाच मत्तय होशेयाचं मिसरातून बोलावलेल्या पुत्राचं वाक्य, जे इस्राएलाच्या गतकाळाबद्दल आहे, बाळ येशूला लावतो. एका अध्यायात शब्दाला चिकटलेला, दुसऱ्यात संदर्भापासून कोसभर दूर. तक्तेवाल्यांनी यातला कोणता मत्तय आदर्श मानावा?

आधुनिक काळातलं ठळक उदाहरण विल्यम मिलर यांचं. न्यूयॉर्क राज्यातले बाप्टिस्ट शेतकरी, प्रामाणिक माणूस. बायबल आणि शब्दसूची घेऊन बसले आणि दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांपाशी थांबले. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं, इ. स. पू. ४५७ पासून मोजलं आणि ख्रिस्ताचं द्वितीयागमन १८४३ च्या सुमारास येईल असं गणित आलं. पुढे अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की केली. काहींनी पीक शेतात तसंच सोडलं. दिवस उजाडला, मावळला. आता बघा, मिलर यांना शब्दशः वाचणारे म्हणतात. पण दिवसाचं वर्ष करणं याला रूपक म्हणायचं नाही तर काय? त्यांचं गणित शब्दशः होतं, वाचन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातल्याच हायरम एडसन यांना सुचलं की तारीख बरोबर होती, घटना चुकली. पवित्रस्थानाची शुद्धी पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात सुरू झाली. या समजुतीतून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्यात औंधला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे. चेष्टा करायला मी हे सांगत नाही. ज्या मंडळीचा जन्म एवढ्या मोठ्या निराशेतून झाला, तिने दवाखाने आणि शाळा काढल्या, हा भाग मिलर यांच्या गणितापेक्षा मला जास्त विचारात पाडतो.

मात्र आपल्या तक्त्यांचा वंश मिलरचा नाही. तो जॉन नेल्सन डार्बी यांच्याकडून आणि १९०९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापलेल्या स्कोफिल्ड बायबलकडून येतो. त्या पुस्तकाची करामत मांडणीत आहे. वर शास्त्रवचन, खाली त्याच पानावर स्कोफिल्ड यांच्या टिपा. वाचणाऱ्याचा डोळा वर-खाली होत राहतो आणि काही वर्षांनी टीप कोणती आणि वचन कोणतं, हे त्याला आठवत नाही. इस्राएल आणि मंडळी यांचे देवाच्या योजनेत दोन वेगळे रूळ आहेत, हे टिपेतलं मत अनेकांना बायबलचंच वाक्य वाटू लागलं. आणखी एक गंमत. इस्राएलविषयीचं प्रत्येक वचन शब्दशः घ्या म्हणणाऱ्या याच परंपरेने डोंगरावरचं प्रवचन मात्र मुळात आगामी राज्याचा कायदा ठरवलं. मंडळीने त्यातून नैतिक बोध घ्यावा, एवढंच. दुसरा गाल पुढे करणं तेवढं शब्दशः नको!

रूपकवाद्यांनी लगेच हसू नये. त्यांचाही हिशोब बाकी आहे. लिओंचे बिशप इरेनेयस हजार वर्षांच्या राज्यावर शब्दशः विश्वास ठेवत. दहा हजार फांद्यांच्या द्राक्षवेलींचं वर्णन त्यांच्या ग्रंथात आहे, आणि त्यावर पंडित अजून नाकं मुरडतात. पण १७७ मध्ये लिओंच्या ख्रिस्ती लोकांचा अनन्वित छळ झाला होता. आधीचे बिशप त्यातच मेले. ज्या सृष्टीत संतांनी छळ सोसला, त्याच सृष्टीत त्यांना फळ मिळणं न्यायाचं आहे, असं इरेनेयस म्हणतात. हा हट्ट भाबडा नाही. पुढे ऑगस्टीन यांनी ‘देवाचं नगर’च्या विसाव्या ग्रंथात हजार वर्षं म्हणजे मंडळीचाच काळ, असा अर्थ लावला. विद्वत्तेच्या दृष्टीने तो सरस आहे. मीही त्याच बाजूचा. पण तोवर सम्राट ख्रिस्ती झाले होते. पोट भरलेल्याला द्राक्षवेलीचं रूपक करणं सोपं जातं.

यशयाच्या ६५व्या अध्यायात लोक घरं बांधतील आणि स्वतःच त्यात राहतील, मळे लावतील आणि स्वतःच फळ खातील, असं वचन आहे. नगर जिल्ह्यातल्या आपल्या पूर्वजांपैकी कित्येकजण महार आणि मांग समाजातून आले. वतनाच्या नावाखाली वेठ करणाऱ्या घरात हे वचन वाचलं जात असेल, तेव्हा त्याला कसलं रूपक हवं होतं? महारवतन कायद्याने संपायला १९५८ उजाडलं. ज्या व्यासपीठांवरून घर म्हणजे स्वर्गातलं घर, गरीब म्हणजे आत्म्याने दीन असं सांगितलं गेलं, तिथे रूपकाने कुणाची सोय केली, हे आपल्या साहित्याने तपासायला हवं. येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाचा गुंडाळा उघडला आणि आज हे पूर्ण झालं म्हणाला, तेव्हा त्याने तारीख दिली नाही, तक्ता काढला नाही. दीन, बंदी आणि आंधळे मात्र खरेखुरे होते. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये योएलाचं, मुलामुलींवर आत्मा ओतण्याचं वचन आपल्यात पुरं होतंय असं मानणाऱ्या मुलीही खऱ्याच होत्या: दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या. रमाबाईंनी त्यांना, त्याच वचनात पुढे म्हटल्याप्रमाणे चंद्र रक्तवर्ण झाला का, असं विचारलं नाही.

एक मराठी पुरावा देतो आणि थांबतो. १९४८ साली इस्राएलचं राज्य झालं, तेव्हा जगभरच्या अनेक ख्रिस्ती लोकांनी यहेज्केलाची सुकी हाडं उठली म्हणून हर्ष केला. त्या हाडांत आपल्या कोकणातले बेने इस्राएलही होते. ते गेले, आणि त्यातल्या काहींना तिथे नोकरीत, वस्तीत दुजाभाव सोसावा लागला. १९५१-५२ मध्ये त्यांनी ज्यू एजन्सीसमोर धरणं धरलं: आम्हांला परत भारतात पाठवा. काहींना परत पाठवलंही गेलं. आणि त्याच भूमीतल्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी, ज्यांची घरं त्या युद्धात गेली, हेच शास्त्र वाचून २००९ मध्ये ‘कायरोस पॅलेस्टाइन’ निवेदन काढलं. भूमीचं वचन आमच्या बेदखलीचा परवाना होऊ शकत नाही, हा त्याचा रोख आहे. तक्त्यात या दोघांनाही चौकोन नाही.

या परिषदेपुढे माझी सूचना एवढीच. दानीएल आणि प्रकटीकरण यांवर मराठीत लिहिलेलं, उसनं न घेतलेलं भाष्य आपल्याला हवं आहे. त्यात पहिल्या पानावर ग्रीक राजा अंतियोखस एपिफानेस याने इ. स. पू. १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरात काय केलं ते असावं, आणि पशूंचे अर्थ नंतर यावेत. टिपा वचनाखाली न छापता पुस्तकाच्या शेवटी छापाव्यात, आणि प्रत्येक टिपेखाली लिहिणाऱ्याचं नाव असावं. संपादक मंडळ आजच संध्याकाळच्या बैठकीत नेमता येईल. नावं सुचवायची असतील त्यांनी कार्यवाहांकडे चिठ्ठी द्यावी.

पहिल्या सत्रातल्या निबंधवाचकांनी आता व्यासपीठावर यावं, ही विनंती.