पाण्यात तोंड घातलं तेव्हा

आम्ही अणदूरच्या एका बचत गटाच्या अकराजणी. गेल्या डिसेंबरात आम्ही मालवणला जाऊन आलो, त्याची हकिगत आज सांगतो.

आपल्याकडं पाणी म्हणजे टँकर, हापसा आणि विहीर. मोठं पाणी पाहिलं ते नळदुर्गच्या नर-मादी धबधब्याचं. आपला काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, हे पोरांच्या पुस्तकात वाचलेलं. समुद्रही तसाच, पुस्तकातलाच. वर्षभर पैसे बाजूला ठेवले, गाडी केली, आणि सोलापूर, कोल्हापूर करत गगनबावड्याचा घाट उतरलो.

सकाळी होडीत बसलो. डॉल्फिनची पाठ पाण्यावर आली, लगेच बुडाली, परत आली. आम्ही ओरडलो तसं नाववाल्यानं इंजिन बंद केलं. म्हणाला, आवाजानं ते लांब जातात. मग कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग पाहिला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचं काम सुरू केलं. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. दुष्काळातल्या बायका आम्ही, त्या विहिरींपुढंच जास्त वेळ उभ्या राहिलो.

दुपारी किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट. नाकानं नाही, तोंडानं श्वास घ्यायचा. एकीलाही पोहता येत नव्हतं. पहिल्यांदा सगळ्यांच्याच तोंडात खारं पाणी गेलं. मग खाली पाहिलं तर पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणि प्रवाळ. एकीनं दगड समजून त्यावर पाय टेकला, तसा सोबतचा पोरगा ओरडला, "ताई, पाय ठेवू नकात, ता जिवंत आसा!" प्रवाळ म्हणजे बारीक प्राण्यांची वसाहत. ती फार सावकाश वाढते, पाणी तापलं तर पांढरी पडते. १९८७ पासून इथं सागरी अभयारण्य आहे. पाय उचलला, पण मनाला लागलं.

आमच्यातली एक होडीतच बसून होती. तिची थोरली बहीण लहानपणी विहिरीवर पाय घसरून गेली. तेव्हापासून ती पाण्याला भ्यायची. आम्ही आग्रह केला नाही. शेवटी तीच शिडीवरून उतरली, दांडा धरून पाण्यात तोंड घातलं. वर आली तेव्हा रडत होती. म्हणाली, "पाणी असंबी असतंय व्हय! माझ्या अक्काला पोहता येत असतं तर..."

परतीच्या वाटेवर गाडीत गाणी झाली नाहीत, बोलणं झालं. आपल्या शिवारात विहिरी आहेत, शेततळी आहेत. पोरं पोहायला शिकतात, पोरींना कुणी पाण्यात उतरवत नाही. आणि धुणं घेऊन पाण्यावर जातात त्या पोरीच.

म्हणून या उन्हाळ्यात आम्ही आमच्या लेकींना पोहायला शिकवणार आहोत. शिकवणारी जाणती बाई आणि कमरेला दोर, दोन्ही असल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. तुमच्या लेकींनाही पाठवा. आणि मैत्रिणींनो, जमलं तर तुम्हीही या.