जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल : खरेदी आणि निगा

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं अलीकडे एक वाद होत असेल. मुलाला किंवा पुतण्याला नोकरी लागते, हातांत चार पैसे खेळूं लागतात, आणि एके दिवशीं तो जाहीर करतो कीं, त्याला नवी मोटारसायकल नको. स्वतःच्या जन्मापूर्वींची एक जुनी गाडी हवी आहे. बहुधा तो यामाहा आर. एक्स. १०० हें नांव घेतो. वडिलांना हा पैशाचा अपव्यय वाटतो, आईच्या मनांत पहिल्यानें अपघात येतो, आणि तरुणाच्या कानांत मात्र त्या गाडीचा आवाज घुमत असतो. तिघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. तेव्हां ही गाडी आहे तरी काय, घेतांना तिच्यांत काय पाहावें आणि घेतल्यावर ती कशी सांभाळावी, याचा शांतपणें विचार केलेला बरा.

ही गाडी १९८५ सालीं एस्कॉर्ट्स कंपनीनें जपानांतील यामाहा कंपनीच्या सहकार्यानें भारतांत आणली आणि १९९६ सालीं तिचें उत्पादन थांबलें. म्हणजे त्यांतील सर्वांत धाकटी गाडीहि आज तीस वर्षांच्या घरांत आहे. इंजिन अवघें ९८ घन सेंटिमीटरचें, वजन शंभर किलोग्रॅमांहून थोडेंसें अधिक, आणि शक्ति मात्र सुमारें ११ अश्वशक्तीची. हलक्या अंगाला एवढी शक्ति लाभल्यामुळें मूठ पिळतांच गाडी उडी घेते; तिच्या लौकिकाचें रहस्य एवढेंच.

ही शक्ति येते कोठून ? साध्या, म्हणजे फोर-स्ट्रोक, इंजिनांत पिस्टन दोनदां खालीं व दोनदां वर गेला म्हणजे एकदां स्फोट होतो. टू-स्ट्रोक इंजिनांत पिस्टनच्या प्रत्येक खेपेला, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला, स्फोट होतो. मिनिटाला ७५०० फेरे या वेगानें इंजिन फिरूं लागलें म्हणजे सेकंदाला १२५ स्फोट झाले. आर. एक्स. १०० मध्यें पिस्टनची धांव ५० मिलिमीटरांची आहे. त्या हिशेबानें पिस्टन सिलिंडरांत सेकंदाला सरासरी साडेबारा मीटर धांवतो, आणि तेंहि क्षणोक्षणीं उलट फिरून. एवढ्याशा धातूच्या तुकड्यावर हा केवढा ताण आहे, हें ध्यानांत आलें म्हणजे पुढील सर्व काळजीचें कारण कळतें.

या इंजिनाचें मूळ जुनें आहे. इंग्लंडमधील बाथ गांवच्या जोसेफ डे यानें १८९१ च्या सुमारास असें इंजिन बनविलें कीं, ज्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण प्रथम क्रँकच्या पेटींत शिरतें, तेथें दाबलें जातें आणि मग वर सिलिंडरांत चढतें. रचना अतिशय सोपी. पण तिच्यांत एक अडचण जन्मतःच आहे. जी पेटी मिश्रणाची वाट झाली, तींत वंगणाचें तेल भरून ठेवतां येत नाहीं. म्हणून तेल पेट्रोलमध्येंच मिसळावें लागतें, किंवा लहानशा पंपानें थोडें थोडें आंत सोडावें लागतें. तें तेल आपलें काम करतें, जळतें आणि धुरावाटे निघून जातें. फोर-स्ट्रोक गाडीचा मालक महिनाभर तेलाकडे न पाहतां निभावून नेऊं शकतो. टू-स्ट्रोकच्या मालकाला ती मोकळीक नाहीं.

पुढें जर्मनींतील डी. के. डब्ल्यू. कंपनीनें या जातीचें इंजिन नांवारूपाला आणलें. तिची आर. टी. १२५ ही गाडी इतकी नमुनेदार ठरली कीं, दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांनीं तिची नक्कल केली. १९५५ सालची यामाहाची पहिली मोटारसायकल हीहि त्याच नमुन्यावर बेतलेली होती. त्यानंतर पूर्व जर्मनींतील एम. झेड. कंपनीच्या वाल्टर काडेन या अभियंत्यानें दाखवून दिलें कीं, टू-स्ट्रोकची शक्ति निम्मी तिच्या सायलेन्सरांत आहे. धूर बाहेर पडतांना जी दाबाची लाट उठते, ती नळीच्या विशिष्ट आकारामुळें परत फिरते आणि निसटूं पाहणारें ताजें मिश्रण पुन्हां सिलिंडरांत ढकलते. १९६१ सालीं त्याचें १२५ घन सेंटिमीटरचें शर्यतीचें इंजिन २५ अश्वशक्ति देऊं लागलें. त्याच वर्षीं त्याचा शर्यतपटु एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळून गेला, हें ज्ञान सुझुकी कंपनीच्या हातीं लागलें आणि १९६२ सालीं ५० घन सेंटिमीटरच्या वर्गाचें जगज्जेतेपद डेग्नरनें सुझुकीवर बसून मिळविलें. सायलेन्सरांतील जाळी काढून टाकून किंवा तो कापून आवाज वाढविणाऱ्या तरुणांनीं हा इतिहास अवश्य ऐकावा. आवाज वाढतो तेव्हां शक्ति वाढतेच असें नाहीं. पुष्कळदां ती घटते, आणि शेजाऱ्यांची झोंप मोडते ती निराळीच.

आतां खरेदीचा विचार. जुनी गाडी घेणारा मनुष्य यंत्राबरोबर पूर्वींच्या मालकांच्या संवयीहि विकत घेत असतो. कोणी तेल घालण्यांत कंजुषी केली, कोणी थंड इंजिन भरधांव पळविलें, कोणी स्वस्तांतला पिस्टन बसविला, हें सर्व त्या लोखंडांत लिहिलेलें असतें. तें वाचतां येणें हेंच खरेदीचें कौशल्य.

पहिलें वाचन कागदपत्रांचें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढें तपासणी करून ती पांच-पांच वर्षांनीं वाढवावी लागते. या गाड्यांची मूळ मुदत केव्हांच संपलेली आहे, म्हणून आर. सी. बुकावर मुदतवाढ झाली आहे कीं नाहीं, हा पहिला प्रश्न. नंतर हँडलच्या मानेवर कोरलेला चासी नंबर व इंजिनावरील नंबर पुस्तकांतील नंबरांशीं अक्षरशः ताडून पाहावा. कोरलेली जागा घासलेली किंवा जाड रंगानें झांकलेली दिसली, तर गाडी कितीहि देखणी असो, तेथून उठावें. पूर्वींच्या कर्जाचा बोजा, थकलेला दंड व कर, विम्याची स्थिति हेंहि पाहावें. मालकी बदलण्यासाठीं नमुना २९ व ३० वर विकणाऱ्याची सही लागते. गाडी दुसऱ्या विभागांतील असेल तर तेथील ना-हरकत दाखलाहि लागतो. मूळ मालक परगांवीं आहे, सही मागाहून मिळेल, असें सांगणाऱ्याला पैसेहि मागाहूनच द्यावे.

दुसरें वाचन इंजिनाचें, आणि तें इंजिन थंड असतांना करावें. गाडी पाहावयास येतों तोंवर ती सुरू करूं नये, असें आधींच कळवावें व गेल्याबरोबर सिलिंडरावर हात ठेवून पाहावा. थंड इंजिन दोन-तीन किकांत सुरू झालें, आरंभीं थोडा निळसर धूर आला व इंजिन तापल्यावर तो विरळ झाला, तर ती स्वाभाविक गोष्ट समजावी. दाट पांढरा धूर येतच राहिला, त्याला गिअरच्या तेलाचा वास असला आणि गिअरचें तेल वरचेवर कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचें क्रँकचें सील गेलें असावें. मूठ सोडल्यावरहि इंजिनाचा वेग खालीं येण्यास वेळ लागत असेल, तर कोठून तरी जादा हवा आंत शिरत आहे. मॅग्नेटोच्या बाजूच्या सिलावर संशय घ्यावा. हा दोष दिसावयास क्षुल्लक, परंतु घातक आहे. हवा अधिक झाली म्हणजे पेट्रोल कमी पडतें, त्याबरोबर तेलहि कमी पडतें, इंजिन भलतेंच तापतें आणि पिस्टन फुगून सिलिंडरांत आवळला जातो.

शक्य असल्यास प्लग काढून पाहावा. त्याच्या टोकाचा रंग दुधाच्या चहासारखा तपकिरी असावा. काळा व ओलसर प्लग पेट्रोल किंवा तेल जास्त झाल्याचें सांगतो. पांढराफटक प्लग धोक्याची सूचना देतो. खालून ठक्‌ठक् असा जड आवाज येत असेल तर क्रँकचें बेअरिंग झिजलेलें आहे आणि खर्च मोठा आहे, हें समजावें. सिलिंडर किती वेळां बोअर झाला, हेंहि विचारावें. तो पाव-पाव मिलिमीटरनें वाढवीत नेतात, आणि या वाढविण्याला मर्यादा असते. शेवटच्या मापाला पोंचलेला सिलिंडर म्हणजे सरत आलेली पुंजी होय. नव्या रंगानें झळकणाऱ्या गाडीपेक्षां जुन्याच रंगाची, पण मालकानें जपलेली गाडी पुष्कळदां अधिक प्रामाणिक असते. आणि यांतलें कांहींच कळत नसेल तर जाणत्या मिस्त्रीला बरोबर न्यावें. त्याची मजुरी ही सर्व खर्चांत स्वस्त.

गाडी घरीं आल्यावर निगेचा प्रश्न येतो. तेल टू-स्ट्रोकसाठींच बनविलेलें असावें आणि कंपनीनें सांगितलेल्या प्रमाणांतच घालावें. एकास पन्नास हें प्रमाण असेल तर लिटरभर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागतें. तें मापून घालावें, अंदाजानें नव्हे. पंपानें तेल सोडणारी गाडी असेल तर तेलाच्या टाकीकडे रोज नजर टाकावी व नळींत हवा अडकली नाहीं हें पाहावें. हवेची जाळी स्वच्छ असावी, पण ती काढून टाकूं नये. धूळ सिलिंडराला कानशीप्रमाणें घासते. सायलेन्सरांत व धूर जाण्याच्या तोंडाशीं काजळी सांचते. ती ठराविक काळानें खरवडून काढावी, म्हणजे मरगळलेली गाडी पुन्हां मोकळा श्वास घेते. आतांच्या पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल असतें. तें पाणी शोषतें आणि जुन्या रबराच्या नळ्या व वॉशर यांना बाधतें. म्हणून ते भाग नवे बसवावे, आणि गाडी कांहीं आठवडे उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा. नवा पिस्टन बसविल्यानंतर पहिले पांचशें किलोमीटर तरी वेग आवरावा.

चालविण्याची रीतहि निगेचाच भाग आहे. सह्याद्रीचे घाट उतरतांना ती विशेष संभाळावी लागते. पेट्रोलांतच तेल मिसळलेल्या गाडीची मूठ पूर्ण बंद करून लांबच लांब उतार उतरला, तर पेट्रोल थांबतें व त्याबरोबर तेलहि थांबतें. इंजिन मात्र चाकाच्या ओढीनें गरगरा फिरत राहतें. म्हणून मधून मधून मूठ थोडी उघडावी. शिवाय टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीला फारसें अडवीत नाहीं आणि जुने ड्रम-ब्रेक तापले म्हणजे सैल पडतात. तेव्हां गिअर खालचा, वेग बेताचा आणि ब्रेक थांबून थांबून, हाच मार्ग.

येथें आईच्या भीतीकडे वळलें पाहिजे, कारण ती निराधार नाहीं. पिस्टन धांवतां धांवतां आवळला गेला तर मागचें चाक एकाएकीं जखडतें आणि हलकी गाडी घसरते. अशा वेळीं क्लच दाबणें एवढा एकच उपाय आहे आणि त्यासाठीं मिळणारा अवधि पापणी लवण्याइतका. म्हणून जाणते लोक वेगांत असतांना डाव्या हाताचीं दोन बोटें क्लचवर ठेवतात. जुन्या टायरांची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलें असतें. टायरच्या कडेला चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. १२१९ म्हणजे २०१९ सालचा बारावा आठवडा. असे जुने टायर, झिजलेले ब्रेक-लायनर व मंद दिवा हे प्रथम बदलावे. रंग आणि क्रोम यांचा विचार त्यानंतर. हेल्मेटविषयीं वाद नसावा.

वडिलांचा आक्षेपहि ऐकण्याजोगा आहे. या इंजिनांतून थोडें मिश्रण न जळतांच बाहेर निसटतें, आणि तेलाचा धूर असतोच. म्हणूनच उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तसतशा अशा गाड्या रस्त्यासाठीं बनणें आपल्याकडे थांबलें. तेव्हां रोजच्या कामाला दुसरें वाहन आणि या गाडीला रविवारची सकाळ, ही वांटणी शहाणपणाची. प्रदूषणाचा दाखला मुदतींत असावा, आणि जुन्या वाहनांवरील पर्यावरण-कर भरलेला असावा.

तरुणाचा हट्ट इतक्या अटींनंतरहि टिकला, तर तो केवळ नाद नव्हे, असें घरच्यांनीं समजावें. गाडी घ्यावयास त्यानें घाई करूं नये. दहा गाड्या पाहून नऊ सोडण्याची तयारी ठेवावी. आणि घेतल्या दिवशींच एक साधी वही घालावी. तारीख, किती किलोमीटर झाले, किती तेल घातलें, प्लगचा रंग कसा होता, कोणता भाग बदलला, हें तींत लिहीत जावें. वर्षभरांत ती वही मालकाला त्याचें इंजिन ओळखावयास शिकवील. आणि पुढें कधीं गाडी विकावी लागली, तर घेणाऱ्याला त्या वहींतून मागच्या मालकाच्या संवयी उघड वाचतां येतील.