चिकूची सावली आणि नारळाची सावली
(डहाणू व तलासरी तालुक्यांतील बागायतदारांपुढे दिलेले भाषण)



बागेत सर्वांत जास्त वाया काय जाते असे विचारले, तर तुम्ही पाणी म्हणाल, मजुरी म्हणाल. मी सावली म्हणेन. चिकू 10 × 10 मीटरवर लावला की एका झाडाच्या वाट्याला 100 चौरस मीटर जमीन येते. घोलवड-बोर्डीकडील कित्येक जुन्या बागांत तिथे पालापाचोळ्याखेरीज काही नसते.

रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळात जायफळ, दालचिनी व काळी मिरी घेऊन ‘लाखी बाग’ उभी करून दाखविली. ती पाहून आलेले बागायतदार तीच रोपे चिकूत लावतात आणि फसतात. नारळाची सावली विरळ, चिकूची दाट. मीही एकदा दाट चिकूवर मिरी चढविली होती. वेल दोन पुरुष वाढला, पाने काळीभोर झाली, घोस मात्र बोटांवर मोजण्याइतके. शिवाय चिकू उतरविताना निम्मा वेल तुटला तो वेगळाच!

म्हणून रोपे आणण्यापूर्वी भर दुपारी बारा वाजता झाडाखाली उभे राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसले तर लागवडीस हरकत नाही. एकही कवडसा नसेल तर आधी वाळलेल्या, एकमेकींत शिरलेल्या फांद्यांची विरळणी करा. त्याने चिकूलाही हवा-उजेड मिळेल.

अशा मोकळ्या केलेल्या चिकूत हळद किंवा सुरण घ्यावा. दोन्हींची पाने वाळतात, पण कंद जिवंत राहतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात पाणी लागत नाही. तलासरीच्या डोंगरउतारावर, जिथे मार्चनंतर विहीर तळ गाठते, तिथे मी हेच सुचवीन. जायफळाचा मोह नको. चिकूची अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच असतात. तेव्हा बुंध्यालगत नांगर किंवा खोल कुदळ घालू नका, फांद्यांच्या घेराच्या कडेला लावा.

उन्हाळी पाण्याची खात्री असलेल्यांनी जायफळ चार नारळांच्या मध्यभागी लावावे. जायफळात नर व मादी झाडे वेगळी असतात. बियांची रोपे घेतली तर नर कोणते हे फुले येईपर्यंत कळत नाही आणि तोवर सहा-सात वर्षे गेलेली असतात. म्हणून मादी झाडाची कलमेच घ्या, दहा मादी झाडांमागे एक नर पुरे. मिरीला नारळाचा किंवा बांधावरच्या पांगाऱ्याचा आधार द्या. पहिल्या पावसानंतर बुंध्याच्या उत्तरेस, एक फूट अंतरावर मुळे फुटलेली फाटे कलमे लावावीत.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. चिकूची फळे कुजविणारी आणि मिरीला जलद मर आणणारी बुरशी एकाच फायटोफ्थोरा कुळातली. पाणी साचले की दोन्ही पिके जातात. तेव्हा खड्डे खणण्याआधी चर खणा आणि तो बागेबाहेर कुठे निघतो ते जूनच्या पहिल्या सरीत छत्री घेऊन स्वतः पाहून या.