इमारत कोणासाठी, हे इमारतच सांगते
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने मला वास्तुकला आणि राष्ट्र या विषयावर बोलायला सांगितले. मी इंजिनिअर नाही की आर्किटेक्ट नाही. उमेदीची वर्षे गिरणीच्या साचेखात्यात घालवलेला कामगार आहे. रात्री वाचनालयात बसून जे वाचले आणि सुट्टीच्या दिवशी जी लेणी पायाखाली घातली, तेवढ्या जोरावर बोलतो.

एखाद्या देशाची इमारत बघितली की तिथे पाऊस किती पडतो, माती-दगड कसला आहे, हे कळतेच. पण तिथली माणसे एकमेकांना कशी वागवतात, हेही कळते. आपल्या स्तूपाचेच उदाहरण घ्या. सांचीला तो दगडी अर्धगोल आहे. श्रीलंकेत अनुराधपूरला गेला तर तोच विटांचा झाला, वरून पांढराशुभ्र चुना. जपानमध्ये तर त्याचे रूपच पालटले. चीन-कोरियातून जाता जाता तो मजल्यांचा मनोरा झाला. होर्यूजी येथील पाच मजली लाकडी पॅगोडा सुमारे बत्तीस मीटर उंच आहे आणि तेराशे वर्षे उभा आहे. त्या देशात भूकंप रोजचेच, म्हणून लाकूड लाकडात असे गुंतवले की इमारत हलते पण मोडत नाही. पाऊस आणि बर्फ भिंतीला लागू नये म्हणून छपराच्या वळचणी हातभर नव्हे, चांगल्या लांब पुढे काढल्या. धम्म एकच, पण घर ज्याने त्याने आपल्या हवेप्रमाणे बांधले. कोणी कोणाची नक्कल केली नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. भारतातील कोरीव लेण्यांपैकी बहुतेक आपल्याच मुलखात आहेत. का बरे? एक तर सह्याद्रीचा काळा पाषाण. थरावर थर बसलेला, टणक, पण छिन्नीला वळणारा. दुसरे कारण पाऊस. भगवंतांनी भिक्खूंना वर्षावास सांगितला, आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने एका जागी राहायचे. उगवत्या पिकावरून, किड्यामुंगीवरून पाय पडू नये हा त्यातला भाव. पण आपल्या घाटातला पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. लाकूड-मातीचा विहार तिथे किती वर्षे टिकणार? म्हणून डोंगरातच घर कोरले. आत उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात कोरडे. आपल्या बोरिवलीजवळची कान्हेरी बघा. शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेक प्रत्येकीच्या दाराशी पाण्याची पोढी आहे. डोंगरावरचे पावसाचे पाणी पन्हळी कोरून त्यात आणले आहे. ही सोय दोन हजार वर्षांपूर्वीची. आणि आज आपण टँकरची वाट बघतो!

भाजे आणि कार्ले येथे आणखी एक गंमत दिसते. भाज्याच्या चैत्यगृहातले दगडी खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. दगडाला कलायची काहीच गरज नव्हती. लाकडी घराचे खांब तसे कलते रोवत, तीच सवय दगडात उतरली. कार्ल्याला तर छताखाली खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवल्या आहेत आणि त्या अजून आहेत. छताचे वजन त्या पेलत नाहीत, अख्खा डोंगरच छत आहे. मग बसवल्या कशाला? माझ्या मते, माणसाला आपल्या गावच्या घरात बसल्यासारखे वाटावे म्हणून. यालाच मी भावना म्हणतो. हिशोबी माणसाने हे लाकूड वाचवले असते.

कार्ल्याचे चैत्यगृह १२४ फूट लांब आहे, पण ते कुणा एका राजाने बांधून दिलेले नाही. खांबाखांबावर वेगळे नाव. धेनुकाकट गावचे यवन आहेत, म्हणजे परदेशी माणसे. दर्शनी भागाच्या कामावर सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्ताचे नाव आहे, तसे सामी नावाच्या सुताराचेही आहे. सुताराचे नाव व्यापाऱ्याच्या बरोबरीने दगडावर कोरणारा समाज कसा असेल, याचा विचार करा.

आणि नाशिक! ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात ती. पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही, शिलालेखात त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे आहे. तिथे नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या संघाकडे २००० कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या एका विणकर संघाकडे १०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशोब मांडून बघा. दोन हजारावर महिना वीस, वर्षाचे दोनशेचाळीस, वीस जणांना बारा-बारा. बरोबर जमतो. राजाचा जावई आपली ठेव विणकरांच्या हवाली करतो, ही त्या काळी विणकराची पत होती.

हे वाचले तेव्हा मला आमची गिरणी आठवली. तुम्ही लांबून गिरणीचे करवतीच्या दात्यासारखे छप्पर बघितले असेल. त्याच्या काचा उत्तरेकडे तोंड करून असतात, म्हणजे ऊन आत येत नाही, सारखा उजेड पडतो. उत्तम युक्ती आहे, मी नाव ठेवणार नाही. पण तो उजेड कापडासाठी! हवा दमट राहावी, सूत तुटू नये, म्हणून खिडक्या बंद. माणूस घामाने निथळला तरी चालेल. आणि याच साचेखात्यात आपल्या आजोबा-पणजोबांना कामच मिळत नव्हते. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपाच्या काळात हा प्रश्न वेशीवर टांगला. एकाच छपराखाली खात्याखात्यांत न दिसणारी भिंत होती, ती नकाशात काढलेली नव्हती एवढेच.

म्हणून मला नागपूरच्या दीक्षाभूमीचे फार मोल वाटते. स्तूप जुन्या पद्धतीने भरीव असतो, माणसाने बाहेरून प्रदक्षिणा घालायची. शिवदानमल यांनी आराखडा केलेला दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते तो खुला झाला. ज्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीखाली उभे केले, त्यांच्या स्तूपाच्या पोटात सगळे जाऊन बसू शकतात. आर्किटेक्टच्या मनात हेच होते की नाही ते असो, मी त्याचा अर्थ असा लावतो.

आता आपल्या विहाराबद्दल, कारण खरा विषय तोच आहे. पत्रा गळतो, नवी इमारत हवी, यात वाद नाही. समितीपुढे जो एक नकाशा आला आहे तो मी बघितला. खालपासून वरपर्यंत संगमरवर, बंद काचा, एसी, आणि दारावर एकट्या मोठ्या देणगीदाराचे नाव. देणगीदार भला माणूस आहे, माझे भांडण त्याच्याशी नाही. पण बंद काचांचा हॉल मुंबईच्या दमट हवेत विजेच्या बिलावर जगतो. बिल भरायला तो लग्नाला भाड्याने द्यावा लागेल, आणि मग परीक्षेच्या दिवसांत आपली पोरे अभ्यासाला कुठे बसणार? आज बाहेरच्या ओट्यावर संध्याकाळी म्हाताऱ्या आयाबाया बसतात, त्या ओट्याची तर नकाशात जागाच नाही.

माझी सूचना अशी. ओटा ठेवा, त्यावर छप्पर तीन-चार फूट पुढे काढा. खिडक्या समोरासमोर द्या. गच्चीचे पाणी टाकीत घ्या, कान्हेरीने शिकवले आहे. आणि नावे लिहायचीच तर पन्नास रुपये देणाऱ्या घरकाम करणाऱ्या बाईचेही लिहा, त्याच पाटीवर, त्याच अक्षरात. मोठ्या देणगीदारांचेही त्यातच येईल.

दुसरा नकाशा आपल्याच वस्तीतल्या, आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलीने काढायला घेतला आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर दोन्ही नकाशे भिंतीवर लावू. वर्गणीची वही महिला मंडळाकडे आहे. मतदान हात वर करून होईल, आणि घरातल्या बायकांनाही घेऊन या, नुसते पुरुष येऊ नका.

जय भीम. नमो बुद्धाय.