चाळिशीचा चष्मा आणि सुटसुटीत केस

बचत गटाच्या बैठकीत नोंदवही फिरते तेव्हा एक गंमत हमखास दिसते. एखादी ताई वही हातात घेते, जरा लांब धरते, आणखी लांब धरते आणि "तूच वाच गं" म्हणत शेजारणीकडे सरकवते. ही ताई दहावी झालेली असते. गटाची सचिवही राहिलेली असते. अक्षरं ती विसरलेली नाही. आता हात पुरेनासा झालाय, एवढंच. पण पुढच्या वर्षी सचिवपदासाठी तिचं नाव कुणी घेत नाही आणि तीही म्हणते, "मला नको बाई." कर्जाच्या कागदावर सही मात्र करते, न वाचता. आम्ही रेकॉर्डिंगला गावोगाव फिरतो, तिथे हे इतकं पाहिलंय की आज यावरच बोलायचं ठरवलं.

वयानुसार डोळ्यातलं भिंग ताठर होतं. जवळचं बघायला त्याला फुगावं लागतं, ते जमेनासं होतं, आणि चाळिशीच्या आसपास अक्षरं धूसर व्हायला लागतात. म्हणून तर आपण त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतो. हे सगळ्यांनाच होतं. तरी बायका लपवतात. सुईत दोरा नातू ओवून देतो, तांदूळ सून निवडते, आणि शिलाई मशीनवर हळूहळू कपड्यांचा ढीग चढतो. कुणी विचारलं तर, "आता होत नाही माझ्यानं."

का होत नाही? आसामच्या चहामळ्यांतला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चाळिशी ओलांडलेले साडेसातशे कामगार त्यात होते, बहुतेक बायकाच. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडायची क्षमता इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. औषध नाही, यंत्र नाही, साधा चष्मा.

आता पैशांचं. बाजारात तयार चष्मे मिळतात, साधारण अधिक एक ते अधिक तीन नंबरचे, शे-दोनशे रुपयांत. जवळचं वाचायला ते चालतात. पण त्यात दोन्ही काचांचा नंबर एकच असतो आणि तिरकस नंबर, ज्याला सिलिंडर म्हणतात, तो नसतो. तुमच्या दोन डोळ्यांत फरक असेल तर त्या चष्म्यानं डोकं दुखेल. शिवाय बाजारातला माणूस डोळा आतून तपासत नाही. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, गुपचूप नजर खातो. म्हणून चाळिशीनंतर एकदा तरी डोळ्यांचा दाब आणि मागचा पडदा तपासून घ्याच, आणि साखरेचा त्रास असेल तर दरवर्षी. साखर वरखाली होत असताना नंबरही वरखाली होतो, तेव्हा ती आटोक्यात आल्यावर नंबर काढा. नाहीतर महिन्याभरात चष्मा वाया.

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी बसतात, ते आशाताईंना विचारा. नंबरचा कागद तुमचा असतो. जिथे नंबर काढला तिथूनच चष्मा घ्यायला हवा असं नाही. कागद घेऊन दोन दुकानं फिरा, काच आणि फ्रेमचा भाव वेगवेगळा विचारा. जुनी फ्रेम धड असेल तर नुसत्या काचा बदलून मिळतात. दूरचा नंबर मोठा असेल तर लहान फ्रेम घ्या, काचेची कड जाड दिसत नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेसाठी जादा पैसे मोजू नका, असं आमचं स्पष्ट मत. आणि काच कोरड्या पदरानं पुसू नका. पदराला धूळ असते, चरे पडतात. आधी पाण्याखाली धरा.

मुलींबद्दल एक बोलायलाच हवं. "फोटो काढताना चष्मा काढ" असं सांगणाऱ्या आया आम्ही पाहिल्यात. स्थळ येणार म्हणून मुलगी चार दिवस आंधळी कोशिंबीर खेळते! चष्मा लावल्यानं नंबर वाढत नाही, न लावल्यानं कमी होत नाही. फळा न दिसणारी मुलगी मागच्या बाकावर गप्प बसते आणि तिला 'ढ' म्हणतात. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात कुजू देऊ नका.

नवा चष्मा लावून आरशात पाहिलं की पहिल्यांदा काय दिसतं? आपल्याच केसांची फाटकी टोकं. हसू नका, एका काकूंनी आम्हाला अगदी हेच सांगितलं.

लांब केसांचा आपल्याला अभिमान असतो, असावाही. पण पाणी चार दिवसांनी येतं, केस वाळायला दुपार जाते, आणि उसाच्या फडात जाणारीला तो अंबाडा ओझंच होतो. कापायचे म्हटलं की घरातून आवाज येतो, "लोक काय म्हणतील?" बाईच्या केसांवर लोकांचा हक्क जुनाच. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं, तेव्हा कुठे त्या हक्काला उघड नकार मिळाला. ठेवायचे की कापायचे, हे जिचं डोकं तिनं ठरवावं.

खर्च फार नको. घरून केस धुऊन जा आणि "फक्त कट" असं आधीच सांगा. धुणं आणि सेटिंगचे पैसे वाचतात. किती कापायचे ते बोटानं दाखवा, कारण पार्लरवालीचं "थोडेसे" आणि आपलं "थोडेसे" यांत चार इंचांचं अंतर असतं. सरळ किंवा यू कट घ्या, वाढला तरी वाईट दिसत नाही. थरांचा कट छान दिसतो खरा, पण दर दोन महिन्यांनी पैसे मागतो. गटातल्या कुणी पार्लरचा कोर्स केला असेल तर तिच्याकडेच जा, चार पैसे तिलाही मिळतील. घरी कापणार असाल तर कापडाची कात्री नको, केसांची वेगळी घ्या. आणि ओले केस ताणलेले असतात, वाळले की वर चढतात, कुरळे तर जास्तच. म्हणून ठरवलंय त्यापेक्षा बोटभर कमी कापा.

दवाखान्यात जाताना जुना चष्मा, जुना कागद आणि साखरेची फाईल सोबत घ्या. बाहुली मोठी करायला थेंब टाकले तर काही तास जवळचं धूसर दिसतं, म्हणून घरचं कुणीतरी बरोबर न्या. त्याच दिवशी परतताना पार्लरमध्ये मात्र बसू नका. किती कापले, तेच दिसायचं नाही.