राजकन्येची एक दिवसाची सुट्टी

आज एका जुन्या इंग्रजी सिनेमाबद्दल बोलू या. 'रोमन हॉलिडे', साल १९५३.

राजकन्या ॲन दौऱ्यावर रोम शहरात येते. कुठं जायचं, काय बोलायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. झोपताना दूध-बिस्किटंसुद्धा! एका रात्री ती मुक्कामाच्या वाड्यातून गुपचूप निघते. आणि करते काय? केस कापून घेते, पायऱ्यांवर बसून आइस्क्रीम खाते, स्कूटर चालवते. एवढंच. आपल्यापैकी कितीजणींना असा एक दिवस मिळालाय?

सोबत असतो बातमीदार ज्यो. तिची बातमी विकायची म्हणून तो खरं सांगत नाही. ही फसवणूक मला मुळीच पटत नाही हं! पण पुढं त्याचा जीव जडतो, तेव्हा तो हाती आलेला पैसा सोडतो, फोटोही तिलाच दिले जातात.

ऑड्री हेपबर्नला या कामाचं ऑस्कर मिळालं, ते योग्यच. मला मात्र ज्यो झालेल्या ग्रेगरी पेकचं जास्त कौतुक. तो तेव्हा नावाजलेला नट, ती हॉलिवूडमध्ये नवखी. सिनेमाच्या वर मोठ्या अक्षरात त्याचंच नाव यायचं होतं. त्यानं आपणहून सांगितलं, हिचंही नाव माझ्या बरोबरीनं लावा. बाईच्या कामाला असं नाव देणारे कमीच.

शेवटी दोघांचं लग्न होत नाही. काहींना ते खटकतं, मला नाही. ॲन आपल्या कामावर परत जाते. पण त्या रात्री दूध-बिस्किटं पुढं येतात, तेव्हा ती सरळ 'नको' म्हणते.