गटाराचे काम निघाले, गल्लीला सांगा

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला पाण्याची किंमत सांगायला नको. मुलूख अवर्षणाचा. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या मुलखात बारमाही पिके उभी राहिली. पण पाणी आणताना एक गोष्ट मागे राहून गेली. दिलेले पाणी जिरून, झिरपून शेवटी जायचे कुठे? थोड्याच वर्षांत खोलगट रानं पाणथळ झाली आणि जमिनीवर पांढरे मीठ फुलू लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच काढली, ती आपल्या सहकाऱ्याबरोबर. रानाला पाणी द्यायचे तसे ते काढूनही द्यायला लागते, हे आपल्या शेतकऱ्याने असे किंमत मोजून शिकले.

आता तीच गोष्ट गल्लीत चालली आहे. आडावरून चार हंडे पाणी आणायचे तेव्हा मोरीचे पाणी परसातल्या केळीला पुरत नव्हते. घरोघर नळ आले, २०१९ पासून जलजीवन मिशनमधून वाड्यावस्त्यांवरही येऊ लागले. पाणी आले म्हणजे सांडपाणी आले. मग नगरपरिषद म्हणा, ग्रामपंचायत म्हणा, गटाराचे काम काढते. हे काम चांगलेच आहे, त्याबद्दल वाद नाही. मी आज बोलणार आहे ते काम चालू असतानाच्या दिवसांबद्दल.

धरा, तुमच्या गल्लीत सकाळी जेसीबी येतो. काल कुणी बोलले नाही. दुपारपर्यंत दारापुढे कमरेइतका चर. नळाचा पाइप तुटला, पाणी बंद. एका घरात म्हातारे माणूस आजारी आहे, रिक्षा दारापर्यंत येत नाही. पलीकडे पिठाची गिरणी आहे, तिचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळले. शेजारच्या घरी परवा लग्न आहे. संध्याकाळी लोक भांडायला उठतात आणि मुकादम म्हणतो, ‘तुमच्याच सोयीचं काम आहे की!’ बोलणे खरेच असते त्याचे. पण सोयीसाठी गैरसोय सोसायची, तर ती किती दिवस आणि कशी, हे आधी कळायला नको का?

कामाचा नारळ फुटतो त्या दिवशी माहिती पुष्कळ मिळते, फोटोही निघतात. खरी गरज लागते ती काम थांबते त्या दिवशी. पाइप आले नाहीत, खाली मुरूम संपून कठीण पाषाण लागला, मजूर गावाकडे गेले, बिल अडकले, कारणे शंभर असतात. पण चर उघडा राहतो आणि कुणी काही सांगत नाही. आठ दिवस गेले की लोक आपले आपण अर्थ लावू लागतात, आणि तो अर्थ कधी चांगला नसतो. म्हणून माझे पंचायतीच्या आणि नगरपरिषदेच्या मंडळींना आग्रहाचे सांगणे आहे : काम सुरू झाले हे सांगता, तसे काम थांबले आहे हेही सांगा. कशामुळे थांबले, पुन्हा केव्हा धरणार, तोवर चरावर फळी कुठे टाकली आहे आणि रात्री दिवा कुठे लावला आहे, एवढे चार शब्द पुरतात. तारीख चुकली तर नवी तारीख सांगा. तारीख चुकल्याने माणूस तितका चिडत नाही, जितका तो कुणी न विचारल्याने चिडतो.

सांगायचे कसे? पूर्वी दवंडी होती. आता बऱ्याच ठिकाणी घंटागाडी येते, तिच्यावर कर्णा असतो. गाण्याऐवजी दोन मिनिटे सूचना वाजली तर कचराही जाईल आणि बातमीही येईल. मोबाईलवर गल्लीचा गट असेल तर उत्तमच. पण ज्या आजीला रात्री चर ओलांडायचा आहे ती त्या गटात नसते. म्हणून फळ्यावर खडूने लिहा, गल्लीच्या दोन्ही तोंडांना लिहा, आणि एकदा तरी दारोदार जा. हे दारोदार जाणे लोकांना सांगण्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकण्यासाठी जास्त उपयोगी पडते. जुना पाइप कुठून गेला आहे, बुजवलेला आड कुठे आहे, पावसात पाणी कोणत्या कोपऱ्यावर तुंबते, हे कागदावर नसते, ते गल्लीतल्या जुन्या माणसाला ठाऊक असते.

इथे आकाशवाणीचीच एक जुनी हकीकत आठवते. १९५६ साली पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे काढली होती. वीस कार्यक्रम झाले. गावाने एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर बोलायचे, मग काही करायचे, असा नेम होता. गावांनी आपले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे आणि त्यांना रेडिओवरून उत्तरे मिळायची. नुसता कर्णा लावून भागत नाही, उलट बाजूने आवाज यायला वाट ठेवावी लागते, हे त्या लोकांनी तेव्हाच ओळखले होते.

तुम्ही रहिवासी असाल तर तुम्ही काय विचारायचे, तेही सांगतो. रक्कम किती आणि ठेकेदार कोण, हे तर विचाराच. तो कामाच्या फलकावर असायला हवा. पण त्याआधी विचारा, ढाळ किती आणि तोंड कुठे? सहा इंची पाइपाला साठ फुटांमागे एक फूट ढाळ, असा जुना ठोकताळा आहे. तीनशे फुटांची गल्ली असेल तर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पाच फुटांचा फरक झाला. म्हणजे खालच्या घरांपुढे चर खोल जाणार, आणि वेळही तिथेच जास्त लागणार. हे आधी कळले तर खालचा माणूस म्हणणार नाही की माझ्याच दारात का रखडवलेत. आणि शेवटचे तोंड कुठे सोडले आहे? ओढ्यात सोडले असेल, तर आपल्या गल्लीतली घाण फक्त खालच्या वस्तीला पोचली, बाकी काही झाले नाही.

दुसरा प्रश्न उंबऱ्याचा. गटार झाले की वर काँक्रीटचा रस्ता होतो, तो दर वेळी जुन्या रस्त्यावर चढतो. तुमचा उंबरा रस्त्याच्या खाली जाणार का, हे काँक्रीट ओतण्याआधी विचारा. ओतल्यावर विचारून उपयोग नाही, मग पावसाचे पाणी माजघरात येते. विचारायला ग्रामसभा आहे. तिथे उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. पण खरे सांगायचे तर चर उघडा असताना तीस दिवस कुणाला परवडतात? अंदाजपत्रक आणि नकाशा चावडीत आधीच लावलेला असला, तर अर्जाची वेळच येत नाही.

वेळेचा विचार मात्र आपल्याकडचा आपणच करायला हवा. पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात, जूनच्या आत उरका. आपल्याकडे मोठा पाऊस बहुधा परतीचा. २०१९ च्या सप्टेंबरअखेर कऱ्हेला पूर आला आणि बारामतीत काठच्या लोकांना हलवावे लागले. आणि २०२५ च्या मे महिन्यात तर अवेळीच असा पाऊस झाला की नीरा डावा कालवा बारामतीजवळ फुटला. तेव्हा उघडा चर कोणत्याच महिन्यात सुरक्षित समजू नये. शिवाय तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. ज्या रस्त्याने लाखो वारकरी चालणार, तो रस्ता पालखीच्या आधी बुजलेला हवा. ती तिथी पंचांगात वर्षभर आधी लिहिलेली असते, ठेकेदाराला ती पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी. तसाच आठवडी बाजाराचा दिवस.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. शाळेच्या वाटेवर काम चालू असेल तर रोज प्रार्थनेनंतर आजची वाट कोणती ते मुलांना सांगा. मुलगा घरी जाऊन सांगतो, ती बातमी फळ्यापेक्षा लवकर पोचते. आणि जमले तर सातवीच्या वर्गाला तिथे न्या, पण चराच्या काठापासून लांब उभे करून. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी कशी बघतो, ते मुलांनी पाहावे. फुटामागे किती ढाळ, याचे गणित त्यांच्याकडून तिथेच करून घ्यावे. पुस्तकातले गुणोत्तर त्यांना एकदम आपले वाटेल.

काम संपले की सगळे घरी जातात, माहितीही त्यांच्याबरोबर जाते. तसे होऊ देऊ नका. काँक्रीट पुरते मुरायला अठ्ठावीस दिवस धरतात, तेव्हा ट्रॅक्टर कोणत्या दिवसापासून न्यायचा ते लिहून घ्या. कोणते चेंबर कुणाच्या दारापुढे आहे, पाइप किती खोल आहे, याचा साधा नकाशा काढून एक प्रत पंचायतीत आणि एक शाळेत ठेवा. तुंबले तर कुणाला कळवायचे, त्याचा नंबर त्यावर घाला. आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहा की चेंबरमध्ये कुणी माणसाने उतरायचे नाही. आतला वायू दिसत नाही आणि क्षणात जीव घेतो. कामावर लावून माणसाला अशी घाण हाताने काढायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तुंबलेले काढायला यंत्राची गाडी मागवायची.